चारशे कॅसेटी, दोन डिस्क : घरगुती नॅस निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारं एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण तांत्रिक बाजू जशी घडली तशीच आहे. घरात काका आणि काकू दोघंच, दोघांनीही सत्तरी ओलांडलेली. मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी आयर्लंडमध्ये. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी ऐन उमेदीच्या वर्षांत गावोगावच्या उत्सवांत टेपरेकॉर्डर घेऊन बसून कीर्तनं ध्वनिमुद्रित केली. अशा सुमारे चारशे कॅसेटी. निवृत्तीनंतर त्यांनी एक चांगला डेक आणि ऑडिओ इंटरफेस घेऊन त्या संगणकावर उतरवायला घेतल्या आणि चिकाटीने पूर्णही केल्या.

मुलाच्या सल्ल्याने त्यांनी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असा दर्जा ठेवला होता. या दर्जाने स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाइल तासाला दोन जीबीच्या थोडी वर जाते. साठ आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटी मिळून हा ऐवज एक टीबीच्या घरात गेला. त्याशिवाय दोन पिढ्यांचे फोटो, लग्नाच्या चित्रफिती, मुलीच्या जुन्या मॅकवरचा आणि काकूंच्या फोनमधला साठा मिळून आणखी १.१ टीबी.

हे सगळं तीन पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेलं होतं. कोणत्या डिस्कवर काय आहे ते काकांच्या वहीत लिहिलेलं होतं, आणि ती वही, खरं सांगायचं तर, बऱ्याच कंपन्यांच्या नोंदींपेक्षा नीटनेटकी होती.

अडचण कुठून सुरू झाली

तिन्हींपैकी एक डिस्क टेबलावरून खाली पडली आणि टकटक आवाज करू लागली. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका ठिकाणी ती दिली. बहुतेक फाइली परत आल्या, पण आलेल्या बिलात तशा चार नव्या डिस्क आल्या असत्या. हरवलेल्या फाइलींमध्ये काही कीर्तनं होती. त्यांच्या कॅसेटी अजून हाताशी होत्या म्हणून ती पुन्हा उतरवता आली. फोटोंच्या बाबतीत ती सोय नव्हती.

मुलाने फोनवर सांगितलं, "नॅस घेऊ या." नॅस म्हणजे घरच्या वाय-फायला जोडलेला, दिवसरात्र चालू राहणारा साठवणीचा डबा. त्यातल्या फाइली घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर, संगणकावर दिसतात. मला बोलावलं गेलं ते इथपासून.

पहिल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे किती टीबी, किती माणसं, किती फोन अशी चौकशी करत होतो. काका ऐकत होते. मग म्हणाले, "ते सगळं तू आणि तो ठरवा. मला एवढंच सांग, हे बंद पडलं तर मी काय करायचं?"

पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका प्रश्नाने केले.

तोलून पाहिलेले पर्याय

क्लाउडचा विचार आधी झाला. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, तेव्हापासून काकूंच्या फोनवर 'जागा संपली' अशा सूचना येतच होत्या. गूगल वनचा दोन टीबीचा आराखडा त्या वेळी वर्षाला ६,५०० रुपयांना होता. पण यांचा साठा आजच २.१ टीबी, म्हणजे पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. शिवाय घरच्या जोडणीचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस. एवढं वर चढवायला तो वेग सलग मिळाला तरी पाच दिवस लागतात. आणि काकांना स्वतःची ध्वनिमुद्रणं परक्या खात्यात ठेवायची नव्हती. यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटला नाही.

राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण एकच डिस्क, राउटरचा दुबळा प्रोसेसर आणि नादुरुस्तीची कसलीही पूर्वसूचना नाही. पडलेल्या डिस्कचीच ही पुढची आवृत्ती ठरली असती.

मुलाचा आग्रह तिसऱ्या पर्यायाचा होता. घरात त्याचा जुना डेस्कटॉप पडून होता. त्यात दोन डिस्क टाकायच्या, ट्रूनॅस हे नॅसचं सॉफ्टवेअर बसवायचं, झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, वापरायची. तांत्रिक गुणवत्ता पाहिली तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते, खराब झालेला तुकडा ओळखते आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून तो दुरुस्त करते. सॉफ्टवेअर फुकट, यंत्र घरचंच. वीज मोजली तेव्हा डेस्कटॉप रिकामा बसलेला असताना ४५ वॅट खात होता. वर्षभर चालू ठेवला तर सुमारे ३९५ युनिट. दोन डिस्कचा तयार डबा पंधरा वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे वर्षाला १३० च्या आसपास युनिट. फरक आहे, पण निर्णय फिरवण्याइतका नाही.

निर्णय फिरला तो काकांच्या प्रश्नामुळे. बूट न होणारा डेस्कटॉप म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि ती वाचू शकणारा माणूस बेंगळुरूला. मुलाने यावर म्हटलं, "मी रिमोटने बघेन." जे यंत्र सुरूच झालेलं नाही ते रिमोटने दिसत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

उरला तयार डबा. इथेही छोटा वाद होता : एक कप्पा की दोन. एका डिस्कच्या डब्याने पैसे वाचतात, पण डिस्क गेली की सगळं थांबतं. दोन कप्प्यांत दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. एक गेली तरी घर चालू राहतं, डबा बीप करतो आणि कुठला दिवा नारिंगी झालाय ते पाहून नवी डिस्क घालता येते. काकांना फोनवर सांगता येईल अशी दुरुस्ती ही एवढीच.

निवड

सिनॉलॉजीच्या प्लस मालिकेतलं दोन कप्प्यांचं, इंटेल सेलेरॉन चिपचं यंत्र घेतलं. साल २०२४. त्याच कंपनीचं स्वस्त, एआरएम चिपचं यंत्रही पुरलं असतं का? फाइली वाटण्यापुरतं नक्कीच. पण फोटोंमधले चेहरे ओळखणं, छोट्या प्रतिमा तयार करणं ही कामं त्यावर रेंगाळतात, आणि काकूंचा सगळा जीव फोटोंत. मूळ दोन जीबी मेमरीत चार जीबीची आणखी एक पट्टी घातली.

क्यूनॅपचं तोडीस तोड यंत्र थोडं स्वस्त पडत होतं. २०२१ मधल्या क्यूलॉकर आणि २०२२ मधल्या डेडबोल्ट या खंडणीखोर हल्ल्यांत क्यूनॅपच्या यंत्रांना मोठा फटका बसला होता. म्हणून ते टाळलं का, तर पूर्णपणे तसं नाही. सिनॉलॉजीलाही २०१४ मध्ये सायनोलॉकरने गाठलं होतंच. अशा हल्ल्यांत सापडतात ती प्रामुख्याने थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली यंत्रं. त्यामुळे यंत्र कुठलंही असो, बाहेरून दार उघडं ठेवायचं नाही, हा धडा त्यातून घेतला. ब्रँडची निवड मुलाने दोन्हींचे फोनवरचे ॲप काकूंच्या हातात देऊन केली. काकूंना ज्यात नातवाचे फोटो लवकर सापडले, ते घेतलं.

डिस्कच्या खरेदीत मात्र घाई केली नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क प्रत्यक्षात एसएमआर पद्धतीच्या निघाल्या होत्या आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एक डिस्क बदलून दुसरीवरून सगळं नव्याने उतरवताना ही पद्धत फार रखडते. त्या वादानंतर कंपनीने सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. म्हणून खोक्यावरचं 'नॅस' हे लेबल न पाहता मॉडेल क्रमांकावरून सीएमआर असल्याची खात्री केली आणि चार टीबीच्या दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्क एकाच सुमाराला आजारी पडण्याची शक्यता जास्त असते.

दोन्हींचे सिरियल क्रमांक कंपनीच्या वॉरंटी पानावर तपासले. एक डिस्क परदेशी बाजारासाठीची निघाली, भारतात वॉरंटी शून्य. बिल पक्कं होतं, पण त्यावर सिरियल क्रमांक नव्हता, त्यामुळे दुकानदाराशी बरीच हुज्जत झाली. बदलून मिळाली. बिलावर सिरियल लिहून घ्या, ही माझी आता सगळ्यांकडे तक्रारवजा विनंती असते.

मांडणी : जी आधीच ठरवावी लागते

अशा यंत्रातल्या बहुतेक गोष्टी नंतर बदलता येतात. काही येत नाहीत, आणि त्याच पहिल्या अर्ध्या तासात, घाईघाईने 'पुढे, पुढे' दाबताना ठरून जातात.

पहिली म्हणजे फाइल सिस्टिम. बीटीआरएफएस निवडली, कारण स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणीच्या फाइलींची परत आणता येणारी स्थिती, तिच्यावरच मिळतात. प्रत्येक सामायिक फोल्डर तयार करताना डेटा चेकसमची खूण करावी लागते. नंतर त्या फोल्डरला ती लावता येत नाही. मुलाला झेडएफएसमधून जे हवं होतं त्यातलं बरंचसं इथे मिळालं.

दुसरी, कुलूपबंद साठवण, म्हणजे एन्क्रिप्शन. इथे दोन रस्ते होते. एक, फक्त निवडक फोल्डर कुलूपबंद करणं. दुसरा, सिनॉलॉजीच्या डीएसएम या कार्यप्रणालीत ७.२ पासून आलेलं अख्ख्या व्हॉल्यूमचं, म्हणजे सगळे फोल्डर ज्यात राहतात त्या साठ्याचं कुलूप, जे व्हॉल्यूम तयार करतानाच लावावं लागतं. फोल्डरच्या कुलपात एक अट आहे जी इंग्रजीत नावं देणाऱ्याच्या क्वचितच लक्षात येते : फाइलचं नाव १४३ बाइटपर्यंतच असावं लागतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, पायमोडका हलन्तही, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम ४७ खुणा. काकांची नावं पाहिल्यावर हा रस्ता तिथेच बंद झाला.

व्हॉल्यूमचं कुलूप लावलं. त्याची किल्ली त्याच डब्यात साठवलेली असते, म्हणून अख्खा डबाच चोरीला गेला तर या कुलपाचा उपयोग नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं. उपयोग दुसरीकडे आहे : नादुरुस्त डिस्क वॉरंटीत परत देताना तिच्यावरचं काही कुणाला वाचता येत नाही. आणीबाणीची किल्ली एका पेनड्राइव्हवर घालून तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला.

नावांचा घोळ

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग हा.

काकांसाठी फाइलचं नाव हीच सूची. विंडोजवर त्यांची एक फाइल अशी होती : '१९८७ श्रीरामनवमी उत्सव हनुमान मंदिर सभामंडप सीतास्वयंवर आख्यान पूर्वरंग व उत्तररंग भाग पहिला मूळ कॅसेट बाजू अ'. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमला याचं काही वाटत नाही. तिथे मर्यादा २५५ खुणांची, आणि हे नाव मधल्या जागा आणि शेवटचं डॉट डब्ल्यूएव्ही धरूनही ११३ मध्ये बसतं. पण लिनक्सवर चालणाऱ्या डब्यात मर्यादा २५५ बाइटची. यात देवनागरी खुणा ९३, त्यांचे २७९ बाइट. उरलेलं धरून २९९. कॉपी होताना अशा फाइली एकेक करून नाकारल्या जाऊ लागल्या. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दिलेली चूक 'नाव फार लांब' अशी होती, आणि काकांना ती पटेना. "काल तर उघडत होती!"

सोपा उपाय म्हणजे नावं छोटी करून तपशील एका तक्त्यात टाकणं. मुलाने तसं सुचवलं. काकांनी नकार दिला, आणि त्यांचं कारण मला बिनतोड वाटलं : तक्ता हरवतो, नाव फाइलबरोबर राहतं. मग मधला मार्ग निघाला. मर्यादा प्रत्येक नावाला आहे, संपूर्ण मार्गाला खूप मोठी सूट आहे. म्हणून एकाच नावाचे तुकडे करून ते एकात एक फोल्डर केले. '१९८७ श्रीरामनवमी उत्सव', त्यात 'हनुमान मंदिर सभामंडप', त्यात 'सीतास्वयंवर आख्यान', आणि शेवटी 'पूर्वरंग व उत्तररंग भाग पहिला मूळ कॅसेट बाजू अ'. एक शब्दही टाकावा लागला नाही. त्यांची वही जशी वर्षांनुसार आणि ठिकाणांनुसार लावलेली होती, तसाच डबाही लागला. त्या कामात एक बारीक गोष्ट सापडली. काही नावांत १९८७ देवनागरी आकड्यांत होतं, काहींत इंग्रजी आकड्यांत. यादी लावताना इंग्रजी आकडे सगळे वर, देवनागरी थेट तळाशी. एकच वर्ष दोन ठिकाणी. सगळे देवनागरी करून टाकले.

दुसरा घोळ मुलीच्या जुन्या मॅकवरून आला. तिथले फोटो आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने आणले, आणि डब्यात 'वऱ्हाड सहल' नावाचे दोन फोल्डर दिसू लागले. नाव अगदी तेच. एक विंडोजवरून आलेला, एक मॅकवरून. कारण त्या 'ऱ'मध्ये. युनिकोडमध्ये तो एका खुणेने लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन खुणांनी. दिसायला फरक नाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून, दुसऱ्या पद्धतीने साठवते. विंडोजवर टाइप केलेला एकसंध राहतो. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. कन्व्हमूव्ह हा छोटा प्रोग्राम चालवून सगळी नावं एकसंध रूपात आणली. आधी कोरडी चाचणी, मग खरा बदल. ज्यांच्या फोल्डरांत दऱ्या, पायऱ्या, वऱ्हाड, गोऱ्हे असं काही आहे आणि घरात जुना मॅकही आहे, त्यांनी हे एकदा पाहून घ्यावं.

तार, वीज आणि बाहेरचं दार

पहिली मोठी कॉपी करायला बसलो तेव्हा वेग सेकंदाला अकरा एमबीवर अडकला. गिगाबिट जोडणीत तो शंभरच्या पुढे हवा. अकरा हा आकडा दिसला की डोकं खाजवायची गरज नसते : जोडणी १०० एमबीपीएसवर ठरलेली असते. राउटरपासून खोलीपर्यंत भिंतीतून नेलेली तार पाहिली तर टोकाच्या जॅकमध्ये आठांऐवजी चारच तारा दाबलेल्या. इंटरनेट पोहोचवण्यापुरत्या त्या पुरतात, म्हणून कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. या वेगाने दोन टीबी जायला दोन दिवसांहून जास्त लागले असते. नवी कॅट ६ तार ओढली. तरीही पहिला भरणा जुन्या डिस्क थेट डब्याच्या यूएसबी पोर्टला लावूनच केला. जिथे नेटवर्क मध्ये आणायची गरज नाही तिथे आणू नये.

विजेबाबत घरच्यांना वाटत होतं की इन्व्हर्टर आहे, मग प्रश्न काय. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणं नवं नाही. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचं एक बटण असतं, ते दाबलेलं नव्हतं. त्यामुळे वीज जाताच पंखा चालू राही पण राउटर पुन्हा सुरू होई. बटण दाबून तो प्रश्न सुटला. पण बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर डब्याला सांगू शकत नाही, आणि लिहिणं चालू असताना वीज तुटणं वाईटच. यूएसबी तारेने डब्याशी बोलणारा छोटा यूपीएस घेतला. बाजारातल्या स्वस्त ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसना असा डेटा पोर्ट नसतो, तो विचारून घ्यावा लागतो. हा यूपीएस इन्व्हर्टरच्या लाइनवर न लावता थेट मुख्य विजेवर लावला, कारण घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा, आणि तशी वीज आली की यूपीएसला ती बिघडलेली वाटून तो आपल्या बॅटरीवर जातो.

मुलीला आयर्लंडमधून फोटो पाहायचे होते. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा मार्ग दोन कारणांनी बाद. पहिलं, वर सांगितलेले हल्ले. दुसरं, इंटरनेट पुरवठादार सीजी-नॅट वापरत होता. म्हणजे अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून येणारी हाक घरापर्यंत पोहोचतच नाही. स्थिर पत्ता जादा पैसे देऊन घेता आला असता. त्याऐवजी टेलस्केल वापरलं. मुलीच्या फोनवर आणि डब्यावर ते बसवलं की दोघांत थेट, कुलूपबंद वाट तयार होते. बाकी जगाला डबा दिसत नाही.

मुलाला फोटोंसाठी इमिच नावाचं ॲप हवं होतं. ते सुंदर आहे, यात शंका नाही. पण तेव्हा त्याचे कर्तेच सांगत होते की हे झपाट्याने बदलतंय, फोटो ठेवण्याची एकमेव जागा म्हणून वापरू नका. आणि सहा जीबी मेमरीत ते बाकी सगळ्याला जागा ठेवेल अशी खात्री नव्हती. कंपनीचंच फोटो ॲप ठेवलं.

दुसरी प्रत

दोन डिस्कवर तेच असणं म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. हे समजावताना काका लगेच म्हणाले, "म्हणजे पहिल्या वहीची नक्कल दुसऱ्या घरी हवी."

इथे मुलाचा डेस्कटॉप कामी आला. तो सातारला काकूंच्या बहिणीकडे ठेवला, त्यात ट्रूनॅस आणि झेडएफएस, मुलाच्या मनासारखं. आठवड्यातून एकदा पुण्याचा डबा टेलस्केलमधून बदललेल्या फाइली तिकडे पाठवतो. तिकडचा डेस्कटॉप बंद पडला तर काकांना काहीच करावं लागत नाही, मुलगा सवडीने पाहतो. बॅकअपच्या प्रोग्रामने स्वतःच्या खास स्वरूपात अनेक आवृत्त्या ठेवण्याची सोय दिली होती. ती न घेता साधी आरसिंक प्रत निवडली. आवृत्त्या जपायचं काम तिकडे झेडएफएसचे स्नॅपशॉट करतात. फायदा असा की उद्या सिनॉलॉजीचा डबाच नसेल तरी सातारच्या फाइली नुसत्या उघडून ऐकता येतील.

काय झालं

काकूंनी फोनमधली जागा मोकळी करताना फोटो ॲपमधूनच एक अख्खं लग्न पुसलं. त्या ॲपमध्ये पुसलं की मूळ फाइलच जाते. रोजचे स्नॅपशॉट होते, परत आणलं. काकूंना हे झाल्याचं फारसं कळलंही नाही, आणि तेच बरं.

दुसऱ्या वर्षी एका डिस्कवरचे खराब सेक्टर वाढू लागले. काकांनी फोन केला : "डावीकडचा दिवा नारिंगी आहे, आणि डबा ओरडतोय." बीप कुठून बंद करायची ते त्यांना यंत्राच्या दारावर चिकटवलेल्या मराठी कागदावरून कळलं होतं. डिस्क काढून नवी घालणं त्यांनीच केलं, मी फोनवर होतो. जुनी वॉरंटीत दिली. कुलूप असल्यामुळे ती पुसत बसावी लागली नाही.

सातारची बाजू तितकी सुरळीत नव्हती. तिथे त्या सॉकेटवर पाण्याच्या फिल्टरचा प्लग लागला आणि डेस्कटॉप बरेच आठवडे बंद राहिला. अपयशाचे ईमेल येत होते, पण ते मुलाच्या अशा फोल्डरमध्ये जात होते जो तो उघडत नाही. आता तीच सूचना काकांच्या फोनवरही येते, आणि आठवडा चुकला की ते सरळ मावशींना फोन लावतात. ईमेलपेक्षा हे जास्त खात्रीचं निघालं.

तयार डब्याची दुसरी बाजूही दिसली. २०२४ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२.२ मध्ये कंपनीने व्हिडिओ स्टेशन हे चित्रफिती पाहण्याचं ॲप काढून टाकलं आणि काही चित्रफीत स्वरूपांवरची डब्यातली प्रक्रियाही. या घरात ते वापरत नव्हते म्हणून निभावलं. २०२५ मध्ये प्लस मालिकेच्या नव्या यंत्रांत कंपनीने स्वतःच्या डिस्कचा आग्रह धरला. टीकेनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बऱ्याच अंशी मागे घेतला. यांचं यंत्र आधीचं, त्यांना झळ बसली नाही. पण पुढचं यंत्र घेताना मी एवढ्या निःशंकपणे त्याच नावावर बोट ठेवणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

नावांची तपासणी खरेदीच्या आधी व्हायला हवी. सर्वांत लांब नावाचे बाइट मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि त्यावर कुलपाची पद्धत ठरते.

मूळ फाइली डब्ल्यूएव्हीऐवजी फ्लॅकमध्ये ठेवल्या असत्या तर दर्जा तसूभरही न घटता जागा बरीच वाचली असती, शिवाय फ्लॅकमध्ये माहितीचे टॅग नीट बसतात. काकांनी नको म्हटलं, त्यांच्या डेकच्या प्रोग्राममध्ये फ्लॅक उघडत नव्हतं. त्या वेळी ते मान्य करणं योग्य होतं असं मला अजूनही वाटतं, पण त्याची किंमत आता समोर येते आहे.

ती अशी : काकांनी व्हीएचएस टेपा काढल्या आहेत, उत्सवांच्या चित्रफिती. डीव्ही स्वरूपात त्या तासाला सुमारे १३ जीबी घेतात. डब्यात दिसणाऱ्या ३.६ टीबीपैकी जेवढी जागा उरली आहे, तीत सगळ्या मावणार नाहीत. एकेक करून आठ टीबीच्या डिस्क घालायच्या, की आधी चारशे कॅसेटींच्या फाइली फ्लॅकमध्ये रूपांतरित करून जागा मोकळी करायची, यावर बाप-लेकाचं सध्या फोनवर चाललं आहे. मी फ्लॅकच्या बाजूने आहे, पण सातारच्या प्रतीवर एक आख्यान आधी रूपांतरित करून, काकांना ते त्यांच्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवल्याशिवाय मूळ फाइलींना हात लावायचा नाही, एवढं ठरलं आहे.